चौदा महिन्यांचा पोरगा आणि लोणच्याची बरणी

मंगळवारी सातपूरच्या एका खोलीत गृहभेटीला गेले होते. बाळाचं वजन घेतलं, उंची मोजली, मोबाईलमध्ये भरली. उठणार तोच जाणवलं, एवढ्या वेळात या चौदा महिन्यांच्या पोराशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. मीसुद्धा नाही.

"अगं, बोलतेस का गं याच्याशी?"

"त्याला काय कळतंय ताई? आणि वेळ कुठंय?"

तिचंही खरं आहे. सकाळी सातची पाळी, कंपनीतून आल्यावर पाणी भरायचं, स्वयंपाक. मी रागावले नाही. मला डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आठवल्या.

या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी जमैकात अनेक वर्षं कुपोषित मुलांवर संशोधन केलं. १९८६-८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी किंगस्टनच्या गरीब वस्त्यांतली, उंची खुंटलेली १२९ मुलं घेतली, वय ९ ते २४ महिने. काहींना दुधाची पावडर. काहींच्या घरी आठवड्यातून तासभर आरोग्यसेविका जायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन, आणि आईला मुलाशी खेळायला शिकवायची. काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं. ती मुलं बावीस वर्षांची झाली तेव्हा खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली! नुसत्या दुधाचा असा फायदा दिसला नाही.

म्हणून खाऊ कमी महत्त्वाचा, असं मी म्हणत नाही. भुकेलं मूल खेळत नाही, हे मी रोज बघते. पण आमच्या मीटिंगमध्ये सॅम (तीव्र कुपोषित) किती, मॅम (मध्यम कुपोषित) किती, एवढंच विचारतात. कुठली आई मुलाशी बोलायला लागली, हे अजून एकदाही कुणी विचारलेलं नाही, आणि मला ते फार लागतं. जमैकातल्या त्या बायका काही डॉक्टर नव्हत्या, आमच्यासारख्याच वस्तीत फिरणाऱ्या होत्या.

तर त्या खोलीत लोणच्याची रिकामी बरणी होती. दोरीवरचे चार चिमटे काढले, एक बरणीत टाकला. खळ्! पोरगं वळलं. दुसरा चिमटा मी आईच्या हातात दिला आणि मागे सरकून बसले.

"टाकू?" तिने विचारलं, मला नाही, त्याला. त्याने हात पुढे केला. चिमटा बरणीच्या बाहेर पडला. ती म्हणाली, "पडला! परत टाक. टाक रे राजा."

मी निघाले तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "चिमटे राहू द्या इथंच."