जर्मनीतला बिनभगरीचा उपास

इकडे दक्षिण जर्मनीत कार्निव्हलचा धुडगूस संपला की निम्म्या ऑफिसला एकाएकी संयम आठवतो. ईस्टरपर्यंतचा 40 दिवसांचा हा ख्रिश्चनांचा उपासाचा काळ. कुणी बिअर सोडतं, कुणी चॉकलेट, आणि काहीजण चक्क जेवण सोडतात. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई दरवर्षी आठवडाभर नुसत्या पातळ पदार्थांवर राहते आणि वर डोंगरातून पायी हिंडून येते. अशा उपाशीपोटी पायपिटीच्या सहली इथे पैसे भरून बुक करतात! (आपले वारकरीही चालतात, पण दिंडीत पंगत बसतेच.) यंदा म्हटलं, डोंगर राहू दे, घरच्या घरी करून बघू.

अंबाजोगाईला फोन लावला. आई योगेश्वरीचे नवरात्राचे नऊही दिवस धरते, तेव्हा वाटलं, खूश होईल.

"कुणाचा उपास गं?"

"कुणाचाच नाही."

"मग फराळाला काय?"

"भाज्यांचं पाणी."

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "बरं नाही का तुला?"

ही पद्धत ऑटो बुखिंगर या जर्मन डॉक्टरांची. पहिल्या महायुद्धात ते नौदलात होते. संधिवाताने पार जखडले, नोकरी गेली, आणि 1919 मध्ये फ्रायबुर्गला लांबलचक उपवास केल्यावर त्यांना आराम पडला. पुढे त्यांनी स्वतःची उपवासाची रुग्णालयं काढली. बोडनझे सरोवराकाठी युबरलिंगनला 1953 साली सुरू झालेलं अजून चालू आहे. एका माणसाला गुण आला म्हणजे औषध सिद्ध झालं असं नाही, पण या लोकांची शिस्त बघण्यासारखी आहे. आधी डॉक्टरांकडे जायचं. त्यांनी रक्तदाब बघितला, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं आणि मगच हो म्हणाले. मग एक दिवस हलकं जेवण. त्यानंतर ग्लाउबर सॉल्ट. औषधाच्या दुकानात मिळणारं हे मीठ पाण्यात विरघळवून प्यायचं की पोट साफ. किती साफ, ते विचारू नका. त्या दिवशी घराबाहेरचं एकही काम काढू नये, एवढंच सांगते.

पुढचे दिवस सकाळी औषधी पानांचा चहा, दुपारी पाणी घातलेला फळांचा रस, संध्याकाळी गाजर, बटाटा, सेलेरीचा कंद उकळून गाळलेलं पाणी, आणि जीव फारच कासावीस झाला तर चमचाभर मध. सगळं मिळून 500 कॅलरींच्या आत. दुपारी उजव्या बरगडीखाली ओलं फडकं, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून पडून राहायचं. यकृताला मदत होते म्हणतात. मला झोप लागली, हा फायदा मात्र नक्की.

खरा छळ भुकेने केला नाही, चहाने केला. आपला चहा तुटला आणि डोकं असं ठणकलं की बुखिंगरसाहेबांना मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. भूक सुरुवातीला खवळते आणि नंतर अचानक गप्प बसते. यकृतातला साखरेचा साठा साधारण दिवसभरात सरतो, मग शरीर चरबी जाळून कीटोन नावाचं पर्यायी इंधन तयार करतं. तोंडाला वास येतो, हातपाय गार पडतात, पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि उपासाने शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात म्हणतात, त्याचं काय? कोणतं विष, हे मला एकालाही धड सांगता आलं नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं एरवीही बिनबोभाट करतच असतात. लोक जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींच्या 2016 च्या नोबेलचा दाखला देतात. पेशी स्वतःचाच टाकाऊ भाग कसा पचवतात, यावरचं त्यांचं ते काम मुळात यीस्टवर झालं होतं. त्यावरून गाजराच्या रसापर्यंत उडी मारणं जरा अतीच. वजन झपाट्याने उतरलं, पण त्यात बरंचसं पाणी. जेवायला लागल्यावर ते निमूटपणे परतलं.

मला सगळ्यात आवडलं ते उपास सोडणं. एक सफरचंद, तेही सावकाश चावून. संध्याकाळी बटाट्याचं पातळ सूप. मग हळूहळू एकेक पदार्थ. फार दिवस उपाशी राहून एकदम भरपेट खाल्लं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक खाली येऊ शकतं. आपल्याकडे अठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपास, करणारी जैन मंडळी पारण्याला मुगाचं पाणी घेतात, त्यांना हे शिकवायला नको. आम्ही एकादशी दुप्पट खाशीवाले. आमचं पारणं म्हणजे पुरणपोळी.

हे सगळं ऐकून लातूरच्या मामांनी फोन केला. त्यांनी कुठल्याशा 'डिटॉक्स ज्यूस'चं खोकंच मागवलं होतं. मामांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. म्हटलं, "मामा, ही गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलंत तर साखर धाडकन खाली येईल. आणि त्या बाटलीत चोथा काढून टाकलाय, उरलीय ती नुसती साखर. डॉक्टरांना न विचारता एक घोटही घेऊ नका."

"अगं, पण पैसे भरलेत की!"

मामींनी मध्येच फोन घेतला आणि म्हणाल्या, तू काळजी करू नकोस. पुढच्या आठवड्यात कळलं, जावळाला आलेल्या पाहुण्यांना सरबत म्हणून त्यांनी सगळ्या बाटल्या वाढून टाकल्या. पाहुणे म्हणाले म्हणे, लई गोड झालंय.