कुत्र्याने उचललेलं हाड

आज टेकडीवर कुत्र्याने उचललेलं हाड गाय-म्हशीच्या पुढच्या पायातलं, गुडघा नि खुराच्या मधलं. ओळख खालच्या टोकावरून: शेजारीशेजारी दोन कप्प्या (कप्पीच्या चाकासारखे गोल उंचवटे) म्हणजे दुभंगलेल्या खुराचं जनावर; घोड्या-गाढवाला एकच. पुढच्या बाजूला उभी खाच असते, दोन हाडं जुळल्याची खूण. लांबी २० सेंमीच्या आसपास, म्हणजे मोठं जनावर. शेळी-मेंढीचं १० ते १५ भरतं. गाय की म्हैस, हे एवढ्यावर ठरवू नये, जाणकारही चकतात.

टोक गायब दिसलं की लोक कुत्र्याला दोष देतात! पण कोवळ्या जनावरात ते टोक बाकीच्या हाडाला जुळलेलंच नसतं. ते गळून पडतं आणि खाली खडबडीत, लाटांसारखा पृष्ठभाग उरतो. दातांनी कुरतडलेल्या कडेला खळगे नि ओरखडे असतात. सरळ सपाट काप? करवत.