चिंगीच्या शूची वेळ

२०१४ च्या पोळ्याचा दुसरा दिवस. नागपूरच्या इतवारी-महालात काळी-पिवळी मारबत, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवतात ते मोठे पुतळे, निघाली होती आणि "घेऊन जा गे मारबत" असा गजर चालला होता. त्याच गर्दीच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीखाली मला चिंगी सापडली. चारेक महिन्यांची, पांढरी-भुरकी मांजर. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत होती, मागचे पाय ओल्या फडक्यासारखे मागून येत होते. ओढणीत गुंडाळून बोळाबोळांतून घरी आणली. आई दारातच म्हणाली, "कायले आणली व हिले? जगते का हे?"

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, झोपवून टाका; तिचेही हाल, तुमचेही. त्यांनी तिच्या अंगाला धड हातही लावला नव्हता, हे मला आजही खुपतं. दुसऱ्या दिवशी तिला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. एक्स-रेत कमरेजवळचा मणका मोडलेला दिसला. डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या मागच्या पायाचं बोट दाबलं, तिने पाय आखडून घेतला आणि मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. ते म्हणाले, "पायाकडे नका पाहू, तोंडाकडे पाहा." पाय आखडणं पाठीतल्या मज्जारज्जूतल्या मज्जारज्जूत होतं, त्याला मेंदू लागत नाही. दुखलं हे तिला कळलं असतं तर तिने मान वळवली असती, ओरडली असती. तिने यातलं काहीच केलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

चालणार नाही, हे त्या दिवशी कळलं. पण खरा प्रश्न पायांचा नव्हताच, लघवीचा होता. मूत्राशय भरल्याचं तिला कळत नव्हतं आणि ते रिकामं करणं तिच्या हातात नव्हतं. सारखी गळते म्हणजे होतेय, असं मला वाटत होतं. ते तर भरलेला माठ वरून सांडावा तसं होतं. आतली लघवी तशीच साचून राहायची. साचली की जंतू होतात, आणि ते वर मूत्रपिंडापर्यंत जातात. म्हणून दिवसातून चार वेळा हाताने दाबून काढायची. जन्मभर.

तिथल्या डॉक्टरांनी माझा हात धरून शिकवलं. पोटाच्या मागच्या भागात, मांड्यांच्या थोडं पुढे, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटं. आत लिंबाएवढा गुळगुळीत गोळा लागतो, पाणी भरलेल्या फुग्यासारखा. तो पकडायचा आणि शेपटीच्या दिशेने हळूहळू, एकसारखा दाब द्यायचा. धसमुसळेपणा केला तर आत इजा होते. मादी होती हे एक बरं होतं, बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. तरी मला नऊ दिवस जमलं नाही. कधी आतडं हाती यायचं, कधी गोळा बोटांतून निसटायचा. रोज तिला घेऊन सेमिनरी हिल्स गाठायचं, आणि परतताना ऑटोत रडायचं. दहाव्या दिवशी रात्री अकराला, मोरीत, बारीक धार लागली. मी आईला झोपेतून उठवलं.

मग सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री अकरा. दुपारची पाळी आईने घेतली, मी शाळेत असायची म्हणून. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण एकच्या आत जेवायला बसायची नाही.

उन्हाळा सगळ्यात कठीण. पारा ४५ वर गेला की लघवी गडद व्हायची आणि वास बदलायचा. गढूळ दिसली की मी लगेच नमुना घेऊन पळायची. कल्चर, म्हणजे लघवीत नेमके कोणते जंतू आहेत याची तपासणी, केल्याशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे दोनदा चुकीचं औषध पोटात गेल्यावर शिकले. कोंबडीच्या बिनमिठाच्या पाण्यात खाणं कालवून द्यायची, म्हणजे पाणी पोटात जाई. शी घट्ट झाली तर उकडलेलं कोहळं. फरशीवर घासून मांड्या सोलवटू नयेत म्हणून आईने जुन्या झबल्यांची चड्डी शिवली होती. ती घालून चिंगी कूलरसमोरची जागा पकडायला अशी सुसाट यायची की घरातल्या धडधाकट बोक्याला उठावं लागे. दाबताना ती पुढचे दोन्ही पंजे माझ्या कोपरावर ठेवायची. नखं कधी लावली नाहीत.

२०२३ च्या पावसाळ्यात रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडं थकत चालली होती. पुन्हा नवं शिकणं: दोन खांद्यांमधली कातडी उचलून तिच्याखाली सुई घालायची आणि सलाइन सोडायचं. हे तीन महिने चाललं. दिवाळीनंतर तिने खाणं सोडलं, मग पाणी, मग कूलरच्या रिकाम्या जागेकडे जाणंही. नऊ वर्षांपूर्वी जो शब्द ऐकून मी दवाखान्यातून उठून आले होते, तो यावेळी मीच डॉक्टरांना फोन करून उच्चारला. ते घरी आले. इंजेक्शनच्या आधी मी तिची शू काढली. फार थोडी आली. पंजे कोपरावर होते.

अंगणात गोडलिंबाजवळ तीन फूट खोल खणून तिला ठेवलं. त्यानंतर कितीतरी दिवस आई एक वाजेपर्यंत जेवत नव्हती.

या फेब्रुवारीत नंदनवनहून एक कॉलेजातली पोरगी आली. तिची मांजर तिसऱ्या मजल्यावरून पडली होती, मागचे पाय तसेच. पोरगी हात लावायलाच घाबरत होती. मी तिचा हात माझ्या हाताखाली घेतला. "हे नाही, हे आतडं. थोडं मागे. हं, हे लिंबू लागलं का?" आई बाजूला जुनं फडकं धरून उभी होती.

तिला तिसऱ्या दिवशी जमलं.