पॅनेल टू पॅनेल

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात युनियनची निवडणूक म्हणजे कँटीनमध्ये हात वर करणं. समोर खुर्चीत अध्यक्ष बसलेले. त्यांच्यादेखत हात खाली ठेवायची छाती कोणाची? पॅनेल बिनविरोध आणि मग वडापाव.

यंदा आम्ही वेगळं पॅनेल उभं केलं आणि गुप्त मतदान मागितलं. युनियनच्या घटनेत ते होतंच, फक्त ती कोणी उघडत नव्हतं. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून कमिटीला तीन वर्षांहून जास्त मुदत नाही. आमची कमिटी मात्र 'मॅनेजमेंटशी करार होऊ द्या, मग बघू' म्हणत बसून राहिली होती.

शेवटी मतदान लागलं, पण वेळ ठेवली सकाळी आठची. थर्ड शिफ्ट सुटते सातला आणि सव्वासातला कंपनीची बस निघते. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस मतासाठी तासभर कशाला थांबेल? आणि तरुण पोरं, म्हणजे आमची मतं, सगळी याच शिफ्टला.

म्हणून सातच्या आधीच आम्ही गेटवर उभे. टपरीवाल्याला सांगून ठेवलं होतं, चहा आमच्या खात्यावर. जे बसकडे वळले त्यांना आम्ही अक्षरशः हाताला धरून आणलं. कॉन्ट्रॅक्टची पोरंही चहाला थांबली. काम आमच्याइतकंच, पण सभासद नाहीत, त्यामुळे मत नाही. त्यांच्यासाठी आमच्या जाहीरनाम्यातही एक ओळ नव्हती.

टूलरूमचे मामा मात्र ऐकेनात. "अध्यक्षांनी माझं सस्पेन्शन मागे घ्यायला लावलं होतं. त्यांच्या विरोधात मत टाकू होय?"

"मामा, ते आम्हीपण नाकारत नाही. पण आपली वर्गणी दर महिन्याला कापली जाते. त्याचे हिशेब बघायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. कधी बघितलेत?"

"मागितले होते एकदा. ऑडिटला गेलेत म्हणाले."

"मग?"

मामांनी ग्लास ठेवला. "अध्यक्ष तेच राहू देत. मॅनेजमेंटसमोर बोलायला त्यांच्यासारखा माणूस नाही. खजिनदार तुमचा घेतो."

मी कळवळून सांगितलं, असं करू नका, पॅनेल टू पॅनेल मारा, म्हणजे सगळी मतं आमच्याच पॅनेलला द्या, नाहीतर आमची माणसं आत जाऊन एकटी पडतील. मामा हसले. "तुझं तू प्रचार कर, माझं मी मत देतो." आठ वाजता टाइम ऑफिसशेजारच्या रांगेत ते सगळ्यात पुढे.

संध्याकाळी मोजणी झाली. अध्यक्ष जुनेच, तेही चांगल्या फरकाने. सरचिटणीस आणि खजिनदार आमचे. मामांचं गणित अर्ध्या कारखान्याने मांडलं होतं, आणि आम्ही महिनाभर पॅनेलच्या नावाने घसा बसवला होता.

गेटवर अध्यक्षांनी हार घालून घेतला आणि आमच्या खजिनदाराकडे वळून म्हणाले, "घ्या, आता दप्तर तुमच्याकडे."

दप्तर म्हणजे दोन फायली आणि व्हाउचरांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. फर्स्ट शिफ्ट सुटली की आम्ही ती घेऊन बसतो. 'चहापाणी व प्रवास' एवढंच लिहिलेली व्हाउचरं वेगळी काढलीत. तो गठ्ठा सगळ्यात जाड आहे आणि त्याबद्दल विचारायला अध्यक्षांकडेच जायचंय.