डग्ग्याचा दुहेरी ठोका गेला, चुकीच्या रेझिस्टरमुळे

काकांच्या तबला-डग्ग्याच्या प्रत्येक ठोक्याला भिंतीवर चित्र उमटावं अशी जोडणी मी करतोय. काल रात्री साडेअकराला काकांनी डग्ग्यावर सलग साठ वेळा ‘घे’ वाजवला आणि भिंतीवरचं वर्तुळ बरोबर साठ वेळा उमटलं. मागच्या नोंदीत याच चाचणीत सत्त्याहत्तर उमटली होती. तीन महिने या सतरा फाजील ठोक्यांनी माझी झोप खाल्ली, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मांडणी मागचीच आहे. दोन्ही वाद्यांना 27 मिलिमीटरचा एकेक पीझो (कंपनाचा विजेचा सिग्नल करणारी चकती), वादीच्या खाली भांड्यावर मेणाने चिकटवलेला. तिथून टीन्सी 4.0 हा छोटा मायक्रोकंट्रोलर, तिथून यूएसबी मिडीने (वाद्यांच्या डिजिटल संदेशांनी) संगणकात, आणि चित्रं टचडिझायनर या सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या फुकट परवान्यात 1280 बाय 1280 पिक्सेलच्या वर जाता येत नाही, पण पांढऱ्या चादरीवर तेवढं पुरतं. दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, पहिल्यापासून गुणी आहे. सगळा त्रास डग्ग्याचा.

‘घे’ वाजला की काकांचं मनगट पुडीवर पुढे सरकतं आणि तो घुमारा वर चढतो. हा घिस्सा म्हणजे त्यांच्या हाताची ओळख. पण ठोका पडून शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांनी सिग्नल पुन्हा फुगतो आणि टीन्सीला वाटतं, दुसरा ठोका पडला. मास्क टाइम, म्हणजे एका ठोक्यानंतर यंत्राने कान बंद ठेवायचा वेळ, 40 वरून 200 मिलिसेकंदांवर नेला, तर लग्गीच्या जलद वादनात निम्मे बोल गायब. थ्रेशोल्ड (ठोका मोजण्यासाठी सिग्नलने ओलांडायचा उंबरा) वाढवला, तर काकांचा हलका हात ऐकूच येईना. मग तुमच्यापैकी दोघांनी सुचवलेला उतरता थ्रेशोल्ड लिहिला, म्हणजे ठोक्यानंतर उंबरा वर जातो आणि हळूहळू खाली येतो. त्याने सतराचे नऊ झाले, पण जोराच्या ‘घे’मागून येणारा नाजूक ‘घे’ त्यात बुडायचा. काका म्हणाले, “अरे, मी घिस्सा न देता वाजवू का?” ते ऐकून मला फार वाईट वाटलं. वाद्याने यंत्रासाठी हात आखडायचा असेल तर हे सगळं करायचंच कशाला?

गेल्या आठवड्यात डग्ग्याची वायर तुटली. नवीन जोडणी करताना पीझोला समांतर लावायचा 1 मेगओहमचा रेझिस्टरही बदलला. इथल्या, इंदूरच्या महाराणी रोडवरच्या एका दुकानातून आणलेलं पाकीट होतं, वर ‘1एम’ लिहिलेलं. चालू केलं तर सिग्नल एकदम पडलेला. आधी पूर्ण जोराच्या ‘घे’ला आकडा थेट 1023 ला, म्हणजे मोजपट्टीच्या टोकाला भिडायचा, आता जेमतेम 400. मला वाटलं, पीझोची चकती तडकली. अर्धा तास सोल्डर तपासत बसलो. मग सहज सीरियल प्लॉटर (सिग्नलचा चालू आलेख) उघडला आणि काकांना म्हटलं, “वाजवा.” पडद्यावर एक उभी, टोकदार रेघ आली आणि त्यामागे सपाट मैदान. घिस्सा कानाला स्वच्छ ऐकू येत होता, आलेखात त्याचा मागमूस नव्हता.

रेझिस्टर मीटरवर धरला: 10 किलोओहम. पाकिटात दुसराच माल होता. निळ्या अंगाच्या मेटल फिल्म रेझिस्टरवरचे पाच पट्टे ट्यूबलाइटखाली मला कधीच धड वाचता येत नाहीत, म्हणून यापुढे प्रत्येक नग मोजूनच लावणार. तुम्हीही मोजा. त्या रस्त्यावर वायर आणि कनेक्टर उत्तम मिळतात, पण सुटे भाग मी आता सीलबंद पट्टीचेच घेतो.

मग वहीत गणित मांडलं. माझ्या पीझोची कपॅसिटन्स मीटरवर 20 नॅनोफॅरड भरते. तिला 1 मेगओहम जोडला की कटऑफ (ज्याच्या खालची कंपनं गाळली जातात ती सीमा) 8 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सगळंच आत येतं. 10 किलोओहमने तोच कटऑफ 800 हर्ट्झच्या घरात जातो. बोट आपटल्याचा तडाखा त्याच्या वर असतो, मनगटाचा घुमारा बराच खाली. म्हणजे पीझो स्वतःच हाय-पास फिल्टर झाला, कोडची एक ओळ न बदलता. शिवाय घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुणही त्याच झटक्यात बसली. आकडे पडले असले तरी शांततेतला कचरा आता तीन-चारच्या वर जात नाही, त्यामुळे थ्रेशोल्ड 15 वर आणता आला आणि मास्क 25 मिलिसेकंदांवर. 22 किलोओहम लावून पाहिला, तर घिस्सा पुन्हा डोकावला. 4.7 ने हलका हात गेला. 10 वरच थांबलो.

दुसरं छोटं सुख विलंबित लयीचं. विलंबित झूमऱ्यात ख्याल गाणाऱ्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या या गावात झूमरा नाही वाजवायचा तर काय? काका त्याचा चौदा मात्रांचा ठेका लावतात तेव्हा एक मात्रा चार सेकंदांची होते, म्हणजे 15 बीपीएम (मिनिटाला 15 ठोके), आणि लय धरणारं एबल्टन लाइव्ह हे सॉफ्टवेअर 20 च्या खाली उतरत नाही. आता एका मात्रेचे चार भाग धरून 60 वर चालवतो. छप्पन्न ठोक्यांचं आवर्तन, समेवर पडदा पूर्ण उजळतो. परवा ‘धागे तिरकिट’ संपून ‘धिं’ आला आणि भिंत आणि हात एकत्र समेवर आले, तेव्हा स्वयंपाकघरातून आई हातात लाटणं घेऊन बघायला आली.

एक गोष्ट अजून खटकते. ‘कि’ची थाप सपाट पंजाची, तिच्यात वरच्या कंपनांचा भरणा. त्यामुळे ती आता ‘घे’पेक्षा जोरात नोंदली जाते. व्हेलॉसिटीचा (ठोक्याच्या जोराच्या आकड्याचा) वक्र बदलून हे निस्तरायचं असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. घिस्सा फेकून का द्यायचा? डग्ग्याला दुसरी चकती लावायची, तिला जुना 1 मेगओहमच ठेवायचा. पहिली ठोका सांगेल, दुसरी घुमारा. ठोक्यामागून घुमारा आला तर ‘घे’, नाही आला तर ‘कि’. बोल ओळखायचा प्रश्नही त्यातच सुटतो. आणि त्या घुमाऱ्याच्या चढउताराने वर्तुळ ताणता येईल, मनगट सरकेल तसं. मिडीच्या कंट्रोल चेंज संदेशाच्या 128 पायऱ्या तिथे डोळ्याला दिसतील, म्हणून पिच बेंड हा संदेश वापरणार, त्यात 16384 मिळतात.

तेव्हा अनंत चतुर्दशीच्या आधी रंगांचं काम करायचं ठरलं होतं ते मागे ढकलतोय. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) बघत वाढलेल्या आमच्या गल्लीला रंग हवेत हे कळतं, पण आधी घिस्सा. दुसरी चकती आत्ताच बसवली, मेण अजून कोमट आहे. रविवारी काका येतील.