पडवीतला ‘विंचू’ ओळखताना : माझा अनुभव

शिराळ्याकडे भातखाचरं पाण्यानं भरली की रात्री पडवीच्या दिव्याखाली काय काय येऊन पडतं. यंदा पडला तो मातकट, चपटा, शेपटी सोडून साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबीचा किडा. पुढं दोन वाकडे आकडे, मागं लांब काटा. घरातले सगळे म्हणाले, विंचूच. त्यावर काचेची बरणी पालथी घातली, खालून जाड पुठ्ठा सरकवला आणि बरणी सुलटी केली. ओळख पटेपर्यंत हात लावायचा नाही, कारण पश्चिम महाराष्ट्रात लाल विंचू आहे आणि त्याचा डंख जिवावर बेतू शकतो. डंखानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं तर उतारे-मंत्र न करता थेट दवाखाना गाठायचा. प्राझोसिन हे औषध या डंखावर रूढ करण्यात महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचा मोठा वाटा आहे.

आधी पाय मोजले. तेही बरणीच्या तळातून, कारण वरून पाहिलं तर पाय अंगाखाली झाकले जातात. घोळ होतो तो पुढच्या आकड्यांमुळं: कुणी ते धरतं, कुणी सोडतं. म्हणून आकड्यांसकट मोजायचं. विंचवाचे आठ पाय आणि दोन चिमटे, मिळून दहा. इथं सहाच भरले. एखादा पाय तुटलेला असू शकतो, म्हणून डावी-उजवी बाजू वेगळी मोजली; तीन आणि तीन. म्हणजे कीटक. आकडेही निराळे. विंचवाचा चिमटा खेकड्यासारखा दोन बोटांचा असतो, याचा पाय मिटत्या चाकूसारखा स्वतःच्याच खोबणीत बसतो.

खरा निकाल शेपटीनं दिला. विंचवाची शेपटी पाच पेरांची असते, टोकाला विषाची फुगीर पिशवी आणि नांगी. ती पाठीवर वळते. हा काटा कमानीसारखा वळेचना. भिंगातून पाहिलं तर दोन केसांसारखे धागे, आतून पन्हळीसारखे, एकमेकांना चिकटलेले. वाळल्यावर ते टोकाशी फाकले. ही श्वासनळी. उथळ पाण्यात हा डोकं खाली करून बसतो आणि नळीचं टोक पाण्याबाहेर काढून हवा घेतो. पिल्लांची नळी आखूड असते, तेव्हा लांबीवर विसंबू नये.

असा हा पाणविंचू, ढेकणाच्या गणातला. नांगी नसली तरी डोक्याखाली आखूड, टोकदार सोंड आहे. चिमटीत धरला तर ती टोचतो आणि चांगलंच दुखतं. डिवचल्यावर निपचित पडतो, मेला समजून उचलू नका.

अतिनील टॉर्चही लावून पाहिला. विंचू त्या उजेडात हिरवट-निळा चमकतो, हा चमकला नाही. पण एवढ्यावर ‘विंचू नाही’ म्हणणं धोक्याचं: स्वस्त टॉर्च नुसता जांभळा उजेड टाकतात आणि नुकती कात टाकलेला विंचूही नीट चमकत नाही.

फोटो तीन घेतले: वरून, खालून आणि शेपटीचा जवळून, शेजारी पट्टी ठेवून. फ्लॅश बंद ठेवला, नाहीतर काचेवर नुसती चकाकी येते. अंगावरचा चिखल ड्रॉपरनं पाणी सोडून धुतला, मग कडा दिसल्या. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर टाकताना ‘लॅकोट्रेफीस’ या प्रजातीपाशीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) थांबलो. पुढची जात ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासावे लागतात. फोटोवरून नेमकं नाव देण्याचा हट्ट मला चुकीचा वाटतो.

रात्रभर बरणीत बोटभर पाणी आणि वर यायला एक काडी ठेवली, झाकणाला भोकं पाडली. खोल पाणी नको. नळी वर पोचली नाही तर गुदमरतो. सकाळी बांधाकडच्या उथळ पाण्यात बरणी आडवी केली, तसा तो चिखलात शिरला. पडवीतला दिवा आता पिवळा लावलाय, पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात.