तिची चित्रं त्याच्या नावावर

अठराव्या शतकातली फ्रेंच चित्रकार मारी-आन फ्रागोनार हिचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: नवऱ्याच्या हाताखालीच तयार झाली, त्याच्याच वळणाची चित्रं काढायची, मग ती त्याच्या नावावर गेली तर एवढं काय बिघडलं? तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

तिचा नवरा झाँ-ओनोरे फ्रागोनार हा त्याच शतकातला फ्रान्सचा नामांकित चित्रकार. झोक्यावरच्या गुलाबी झग्यातल्या तरुणीचं त्याचं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेलच. मारी-आन त्याच्याच गावची, अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासची. जन्म १७४५चा, लग्न १७६९मध्ये.

ती लघुव्यक्तिचित्रं काढायची. हस्तिदंताची अगदी पातळ चकती, त्यावर डिंकातले जलरंग, आणि तळहातावर मावेल एवढा चेहरा. हस्तिदंत पाणी पीत नाही. रंग घसरतो, आणि ओला ब्रश पुन्हा फिरवला तर खालचा थर निघून येतो. म्हणून बरेच चित्रकार बारीक ठिपके देत देत चेहरा भरायचे. मारी-आनचा ब्रश मात्र मोकळा चालतो. मुलांचे गोल चेहरे, केसांचे भराभर ओढलेले फटकारे. एवढ्याशा जागेत एवढा धीटपणा मला आजही थक्क करतो.

हा धीटपणाच तिच्या मुळावर आला. असा हात फ्रागोनारचाच असणार, असं पुढच्या जाणकारांनी ठरवून टाकलं. आडनाव एकच, त्यामुळे ते सोपंही गेलं. खरं तर १७७९मध्ये तिने पॅरिसच्या सालों द ला कॉरेस्पोंदांस या प्रदर्शनात लघुचित्रं मांडली होती. तिच्या काळाला ती चित्रकार म्हणून ठाऊक होती. धाकटी बहीण मार्गरीत जेरार त्यांच्याकडे राहायला आली, शिकली आणि मोठी चित्रकार झाली. दोन गाजलेल्या नावांमध्ये मारी-आन दिसेनाशी झाली. १९९६मध्ये पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक पिएर रोझेनबर्ग यांनी लेख लिहून दाखवून दिलं, की फ्रागोनारची म्हणून ओळखली जाणारी लघुचित्रं मारी-आनची आहेत.

आता बिघडलं काय ते. त्याचा प्रभाव तिच्यावर आहे, मी तो नाकारत नाही. पण चित्र चांगलं आहे म्हणून ते नवऱ्याचं, हा पुरावा होत नाही. या न्यायाने तिच्या वाट्याला फक्त फसलेलं कामच उरलं असतं. शिवाय त्याची म्हणून पाहिली तेव्हा ही चित्रं मोठ्या चित्रकाराचा फावल्या वेळचा विरंगुळा वाटायची. तिची म्हणून पाहिली की तेच तिचं मुख्य काम ठरतं. मग मुलांचे चेहरे ती किती निरनिराळे काढते, कोणाचा हट्ट, कोणाची झोप कशी टिपते, हे आपण शोधू लागतो.

संग्रहालयांच्या पाट्यांवर आता तिचं नाव येऊ लागलंय. जुन्या पुस्तकांत मात्र ती चित्रं अजून त्याचीच आहेत. तिथे फ्रागोनारचं लघुचित्र म्हणून एखाद्या मुलाचा चेहरा दिसला, तर तो बहुधा मारी-आनने काढलेला आहे.